रमाख्यान

शीर्षक वाचून ज्यांचे हात आपोआप जोडले गेले असतील, त्यांनी ते कृपया सोडावेत. हे रमेचं आख्यान नव्हे, रमचं आहे. आमच्या आत्याबाईंनी टेबलावरचा कागद पाहिला आणि 'अगबाई, रमा-माधवावर लिहितोयस वाटतं!' असं कौतुकाने म्हटलं, तेव्हा मी नुसती मान हलवली. रमा अधिक आख्यान घ्या किंवा रम अधिक आख्यान घ्या, संधी एकच होतो. व्याकरणाने एखाद्याची लाज राखल्याचे प्रसंग तसे विरळाच.

तर मुद्दा असा, की आपल्या मध्यमवर्गात पेयांची एक वर्णव्यवस्था आहे. सगळ्यात वर स्कॉच. ही प्यायची नसतेच. ती शोकेसमध्ये, निरोप समारंभाच्या फोटोशेजारी उभी असते, आणि रिकामी झाली तरी टाकून देत नाहीत; तीत मनीप्लँट लावतात. तिच्याखाली देशात बनलेली व्हिस्की. त्याखाली बिअर, जिला नागपुरी उन्हाळ्यात 'ही काही दारू नव्हे' असं प्रशस्तिपत्र मिळतं. आणि मग पायरीपाशी चपला काढून उभी असल्यासारखी रम. ट्रकवाल्यांची, होस्टेलच्या पोरांची, फौजेतल्या माणसांची. धरमपेठेतल्या एखाद्या दिवाणखान्यात 'मला रम चालेल' असं म्हणून पाहा. यजमान क्षणभर असे बघतात, की जणू तुम्ही चहा बशीत ओतून फुर्रर्र करून प्यायलात.

आता या व्यवस्थेविरुद्ध माझी तक्रार अशी, की ती खोट्या वंशावळीवर उभी आहे.

ऊस गाळला, रस आटवला, साखरेचे दाणे वेगळे काढले, की मागे एक काळा, चिकट, उग्र वासाचा पदार्थ उरतो. त्याला म्हणतात मळी. एक टन उसामागे ही मळी ४०-४५ किलो निघते, आणि एक टन मळी आंबवून तिचं ऊर्ध्वपातन केलं की साधारण अडीचशे लिटर अल्कोहोल मिळतं. १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखान्याची चाकं फिरायला लागली, आणि पुढे महाराष्ट्रात कारखान्यांची रांगच लागली. साखर आली तशी मळीही आली. मळी काही कोणी चहात घालत नाही. तिचं स्पिरिट झालं. आणि या स्पिरिटात थोडा माल्टचा अंश, थोडा रंग आणि बराचसा रुबाब घातला की तीच आपली व्हिस्की!

युरोपातल्या कायद्याप्रमाणे व्हिस्की धान्याचीच लागते, आणि ती निदान ३ वर्षं लाकडी पिंपात मुरलेली असावी लागते. मळीपासून केलेल्या स्पिरिटाला तिथे व्हिस्की म्हणून दुकानात उभं करत नाहीत. मळीपासून जे होतं त्याला जगभर एकच नाव आहे. रम. म्हणजे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या ज्यांनी करंगळी वर करून व्हिस्की म्हणून जे घेतलं, ते बव्हंशी रमचंच एक सावत्र भावंड होतं. अलीकडे धान्याच्या स्पिरिटाची भर पडली आहे, आणि बंगळूरच्या अमृतने २००४ साली जवाची सिंगल माल्ट थेट ग्लासगोत नेऊन विकली, हे मान्य. पण तो अपवाद महागडा आहे. मी बोलतोय आपल्यातुपल्या बाटलीबद्दल.

हे ज्ञान मी आमच्या एका व्हिस्कीभक्त स्नेह्यांना दिलं. बँकेतून निवृत्त झालेले, मोजून बोलणारे गृहस्थ. त्यांनी पेला खाली ठेवला, बराच वेळ त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाले, 'म्हणजे तीस वर्षं मी...?' मी म्हटलं, 'हो.' ते म्हणाले, 'हिला सांगू नका.'

एवढंच कशाला, कोपऱ्यावरच्या देशीच्या दुकानात जी 'संत्रा' मिळते, तीही मळीच्याच स्पिरिटाची. नागपूरच्या माणसाला त्या नावाचा उगाच अभिमान वाटतो. पण त्या बाटलीतल्या संत्र्याने काटोल पाहिलेलं नसतं की वरूड. विदर्भाची खरी आपली म्हणावी अशी दारू एकच, मोहाच्या फुलांची. तिचा उसाशी संबंध नाही आणि आपल्या दिवाणखान्यांशी तर नाहीच नाही.

सारांश, दिवाणखान्यातली व्हिस्की आणि गुत्त्यातली संत्रा या सख्ख्या चुलत बहिणी. दोघी आपलं माहेर लपवतात. रम तेवढी उघड सांगते, की मी उसाची. रमच्या नावाखाली कोरं स्पिरिट आणि जळक्या साखरेचा रंग विकणारेही आहेत, नाही असं नाही. पण तिथे निदान कुळाचं नाव तरी खरं असतं.

आणि कूळ म्हणाल तर थेट आपल्या आजोळचं. मनुस्मृतीत सुरेचे तीन प्रकार सांगितले आहेत: गौडी, पैष्टी आणि माध्वी. गुळाची, पिठाची आणि मधाची (मोहाच्या फुलांची, असंही कोणी म्हणतात). तिन्ही वर्ज्य म्हणून सांगितल्या आहेत. पण वर्ज्य पदार्थांची यादी इतकी नेमकी करायची म्हणजे माहिती कुठून तरी आणली असणारच. आयुर्वेदातल्या ग्रंथांत उसाच्या रसाच्या मद्याला शीधु म्हटलं आहे. ही सगळी आंबवलेली पेयं. त्यांना भट्टीवर चढवून वाफ धरणं हा नंतरचा उद्योग. पण गौडी हे नाव पाहा. त्या यादीत गूळ पहिल्या नंबरावर आहे! शर्करा शब्द इराणी-अरबी वाटेने युरोपात जाऊन शुगर झाला, खंडाची कँडी झाली. ऊसही असाच पश्चिमेकडे सरकत सरकत गेला, आणि १४९३ साली कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीत जहाजात बसून वेस्ट इंडीजला पोचला. हा गृहस्थ हिंदुस्थान शोधायला निघाला होता. हिंदुस्थान सापडला नाही, तर निदान इथला ऊस तरी त्याने तिकडे नेऊन लावला.

सतराव्या शतकात बार्बाडोस बेटावर साखरेचे मळे फोफावले, आणि गुऱ्हाळाच्या मागे साठणाऱ्या मळीचं काय करायचं हा प्रश्न तिथेही आला. त्यातून निघालेल्या पेयाला लोक 'किल-डेव्हिल' म्हणत, म्हणजे सैतानमारी. दुसरं नाव होतं रंबुलियन. या शब्दाचा अर्थ दंगा. 'रम' हे बहुधा त्याचंच लाडकं रूप.

इथपर्यंतची गोष्ट गमतीची. पण तो ऊस तोडत कोण होतं? आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून साखळदंडात आणलेली माणसं. चरकात हात सापडला तर तो तोडायला जवळच कोयता ठेवलेला असे. आणि तिकडे आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणूस विकत घेताना जी किंमत मोजत, तीत रमची पिंपं असत. म्हणजे माणसाने राबून रम करायची आणि त्या रमच्या मोलाने दुसरा माणूस विकत आणायचा. असा हिशेब जगात दुसऱ्या कुठल्या पेयाच्या चोपडीत सापडणार नाही.

१८३४ साली ब्रिटिश वसाहतींत गुलामगिरी कायद्याने संपली. ऊस संपला नव्हता. मग गिरमिट आलं. त्याच वर्षापासून मॉरिशसला आणि १८३८ पासून डेमेरारा म्हणजे आजच्या गयानात हिंदुस्थानी मजूर जहाजातून जाऊ लागले. डेमेराराला गेलेल्या पहिल्या लोकांत छोटा नागपूरचे डोंगरी लोक होते. हे छोटा नागपूर म्हणजे आमचं नव्हे, ते झारखंडातलं. पण मॉरिशसला मुंबई बंदरातून जे गेले त्यांत आपले मराठी होते, रत्नागिरीकडचे बरेच. त्यांनी तिथे ऊस तोडला आणि सोबत गणपती नेला. मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते ती उगाच नव्हे. डेमेरारा रम म्हणून एक दाट, काळपट, नामांकित रम आहे. तिची बाटली कोणी कौतुकाने दाखवली, की मला आधी त्या नावातलं जहाज दिसतं आणि मग बूच.

दर्यावर्दी लोकांचं मात्र या पेयाशी फार जमलं. १६५५ साली इंग्रजांनी जमैका घेतलं आणि त्यांच्या आरमारात रमचा शिधा सुरू झाला. बिअर नासते, पाण्याला शेवाळ येतं, रम बिचारी कधी तक्रार करत नाही. तक्रार असे ती पिणाऱ्यांची, कारण दोरखंडावर चढताना दोनाचे चार दोर दिसत. तेव्हा १७४० साली व्हर्नन नावाच्या अॅडमिरलने हुकूम काढला, की रम पाणी घालूनच द्यायची. हा ग्रोग्रॅम नावाच्या जाड्याभरड्या कापडाचा डगला घाली, म्हणून खलाशी त्याला 'ओल्ड ग्रॉग' म्हणत. त्या पाणचट पेयालाही मग ग्रॉग हेच नाव पडलं. पाणी घालणाऱ्याची अशी आठवण ठेवायची म्हटली, तर आमच्या गल्लीत एका दूधवाल्याचा पुतळाच उभारावा लागेल. हा शिधा थेट ३१ जुलै १९७० पर्यंत चालला. शेवटच्या दिवशी खलाशांनी दंडाला काळ्या फिती लावल्या होत्या.

बाटलीवर '७५ डिग्री प्रूफ' किंवा '२५ अंडर प्रूफ' असं जे कोडं छापत आले, तेही याच काळातलं. बंदुकीची दारू रममध्ये भिजवायची आणि पेटवून बघायची. पेटली तर माल खरा, तो शंभर प्रूफ. फुसफुसली तर पाणी घातलंय. आजच्या हिशेबाने शंभर प्रूफ म्हणजे ५७ टक्क्यांच्या किंचित वर, आणि त्याचे पाऊण म्हणजे आपल्या बाटलीवरचे ४२.८ टक्के. एक दारू दुसऱ्या दारूची साक्ष काढते, हे मराठीत जितकं छान जमतं तितकं इंग्रजीत जमत नाही.

आता नागपूरला येऊ. रम नागपूरला आली ती बंदुकीच्याच मागून. १८१७च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकडीवर अप्पासाहेब भोसल्यांचं सैन्य हरलं आणि पाठोपाठ १८२१ साली कन्हान नदीच्या काठी कामठीची छावणी वसली. गोऱ्या शिपायाला रोज दारूचा शिधा मिळे. मे महिन्यात, त्या लोकरी डगल्यात, ती चढवून परेडला उभं राहायचं म्हणजे काय झालं असेल याची कल्पना नागपूरच्या माणसालाच यावी. कामठीच्या गोऱ्यांच्या कबरस्तानात एकदा हिंडून आलं की कळतं, साहेबाला भोसल्यांनी कमी मारलं; ताप, पटकी आणि बाटलीने जास्त.

साहेब गेला, छावणी राहिली. आजही नागपुरात रमची ओळख होते ती कुठल्या दुकानात नव्हे. गल्लीतल्या एखाद्या निवृत्त फौजीच्या घरी. आमच्या शेजारचे सुभेदारसाहेब हे या बाबतीत आमचं विद्यापीठ. मूळचे भंडाऱ्याकडचे, अठ्ठावीस वर्षं फौजेत, त्यातला बराच काळ बर्फात. मिलिटरी कँटीनची बाटली ते कधी कोणाला विकणार नाहीत, विकू म्हणणाऱ्याला फाटकाबाहेर काढतील. पण पाहुण्याला पाजण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. एकदा मी विचारलं, बर्फात रमने खरंच ऊब येते का? डॉक्टर तर म्हणतात, कातडी गरम वाटते आणि आतली ऊब उलट निघून जाते. ते म्हणाले, 'डॉक्टरचं खरं हाय साहेब. पण तिथं उबेसाठी थोडी पेत होतो? घरची याद येत होती न, म्हणून पेत होतो.' यावर विज्ञानाने काय बोलावं!

सुभेदारसाहेबांचं आराध्यदैवत म्हणजे ती बुटकी, जाड काचेची बाटली. ओल्ड मंक. तिची वंशावळही सरळ नाही. १८५५ साली एडवर्ड डायर नावाच्या साहेबाने हिमालयात कसौलीला बिअरची भट्टी घातली. याच डायरचा मुलगा रेजिनाल्ड. १३ एप्रिल १९१९ रोजी जालियनवाला बागेत ज्याने गोळ्या चालवायचा हुकूम दिला, तोच. पुढे या धंद्यात मीकिन आले, आणि १९४९ साली नरेंद्रनाथ मोहन यांनी तो विकत घेतला. १९५४ साली ओल्ड मंक निघाली. सात वर्षं पिंपात मुरलेली, व्हॅनिलाच्या वासाची. जाहिरात नाही, पोस्टर नाही. एकाने दुसऱ्याला सांगितलं, एवढ्यावर तिने अर्धशतक काढलं. ज्यांनी ती घरोघरी पोचवली ते ब्रिगेडियर कपिल मोहन २०१८च्या जानेवारीत वारले. ते स्वतः दारूला स्पर्शही करत नसत. आपल्याकडे मिठाईवाला तरी कुठे स्वतःची जिलबी खातो?

बाटलीवर पत्ता छापलेला असतो मोहन नगरचा. आपलंही एक मोहन नगर आहे, सदरच्या अलीकडे. सुभेदारसाहेबांचा ठाम समज होता, की कारखाना तिथेच कुठे तरी असणार आणि नागपूरकर तो मुद्दाम लपवून ठेवतात. ते मोहन नगर गाझियाबादचं, हे त्यांना मी पुराव्यानिशी दाखवलं. त्यानंतर दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

आता कायद्याचं. मुंबई राज्यात १९४९ साली दारूबंदीचा कायदा झाला. त्याविरुद्ध बलसारा नावाचे एक गृहस्थ सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. १९५१ साली कोर्टाने कायदा मुख्यतः उचलून धरला, पण औषधं आणि ओ द कोलनसारखी अत्तरं यांना मोकळीक दिली. त्या वर्षी किती सभ्य माणसांना अत्तराची आवड लागली असेल! नागपूर तेव्हा मध्य प्रदेशची राजधानी होतं. १ नोव्हेंबर १९५६ला आमचं मुंबईशी लग्न लागलं. राजधानीपण गेलं, आणि १९५९च्या कायद्याने मुंबईची दारूबंदी विदर्भाला लागू झाली. सासरहून आलेली पहिली भेट ही!

मग प्रकृतीसाठी परवाने आले. वडिलांच्या ओळखीचे एक गृहस्थ असा परवाना बाळगून होते. त्यांची प्रकृती दर एक तारखेला बिघडे आणि वीस-बावीस तारखेपर्यंत, पगाराबरोबर, आपोआप सुधारे. कायदा पुढे सैल झाला तरी नाव दारूबंदीचंच राहिलं. आजही महाराष्ट्रात प्यायला कागदोपत्री परवाना लागतो, एका दिवसाचा, वर्षाचा किंवा थेट आजन्म. म्हणून आपल्या बारवर 'परमिट रूम' अशी पाटी असते. दारूबंदी खात्याच्या आशीर्वादाने दारू मिळण्याचं ठिकाण, असं भाषांतर एखाद्या परदेशी पाहुण्याला करून सांगून बघा.

मात्र थट्टेला हद्द आहे आणि ती बुटीबोरीच्या पलीकडे लागते. गांधीजी १९३६ साली शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहायला आले; तो वर्धा जिल्हा १९७४ पासून दारूबंदीचा. गडचिरोलीत १९९३ साली बंदी आली ती लोकांनी, विशेषतः बायकांनी, लावून धरली म्हणून. चंद्रपुरात २०१५ला आली आणि २०२१ला उठली. त्याआधी २०१०च्या डिसेंबरात चिमूरहून हजारो बायका पायी चालत नागपूरच्या विधानभवनावर आल्या होत्या. त्यांना गौडी आणि माध्वी यांतला फरक समजून घ्यायचा नव्हता. त्यांना रात्री नवरा शुद्धीवर घरी यायला हवा होता, हातात मजुरीसकट. बंदीने तो येतो का, यावर विद्वान भांडत राहतील. पण त्या पायांवरची धूळ बघितल्यावर मी माझं रसग्रहण जरा हळू आवाजात करतो.

हळू आवाजात सांगायचं तर, रमचे प्रकार पुष्कळ. क्युबाची पांढरी, हलकी. बकार्डी घराण्याने १८६२ साली सांतियागोला सुरू केली ती. मार्टिनिक बेटावरचे फ्रेंच लोक मळीला हात लावत नाहीत, ताज्या रसाचीच करतात. तिला गवताचा वास येतो. जमैकाची तर न्यारीच. आमच्या भाच्याने परदेशातून तिची एक बाटली आणली होती. बूच काढलं, आणि कॉटन मार्केटमध्ये दुपारी चार वाजता उललेल्या केळ्यांचा जो वास सुटतो, तो घरभर पसरला. भाचा म्हणाला, 'मामा, याच वासाचे पैसे पडतात.' मी म्हटलं, 'आपल्याकडे तो फुकट असतो रे.' पण दुसऱ्या घोटाला ती आवडली, हेही लिहिलं पाहिजे.

पिंपात मुरताना दरवर्षी थोडी दारू उडून जाते. तिला देवदूतांचा वाटा म्हणतात. स्कॉटलंडच्या थंडीत हा वाटा वर्षाला दोनेक टक्के; आपल्या उन्हात त्याच्या कितीतरी पट. नागपूरच्या ४५ डिग्रीत पिंप ठेवलं, तर देवदूत सहकुटुंब मुक्कामाला येतील. पण त्याच उन्हामुळे ती मुरतेही लवकर.

नागपुरात रमचा खरा हंगाम डिसेंबर-जानेवारी. गरम पाणी, लिंबाची फोड, दोन लवंगा. सोबत सावजीचा रस्सा असेल तर उत्तम. सावजीचा तिखटपणा डोळ्यांतून पाणी काढतो, आणि रममधला तो गुळचट, जळक्या साखरेचा अंश जिभेची समजूत घालतो. व्हिस्कीला हे जमत नाही. सावजीपुढे तिचा रुबाबच उतरतो.

थंडी सरताना फेब्रुवारी-मार्चात मृग बहाराची संत्री येतात. तेव्हा मी एक प्रयोग केला. इंग्रजांचं 'पंच' हे पेय मूळचं आपलंच, असं मानतात. पाच जिनसांचं म्हणून पंच: दारू, साखर, लिंबू, पाणी, मसाला. मी लिंबाच्या जागी संत्र्याचा रस घेतला, साखरेच्या जागी गूळ, वर चिमूटभर जायफळ. खास नागपुरी पंच. सुभेदारसाहेबांना बोलावलं. त्यांनी पेल्यात वाकून बघितलं आणि कपाळाला हात लावला. 'काय करून राहिले साहेब! चांगल्या रमचं सरबत केलं बाप्पा.' मी त्यांना पंच शब्दाची सगळी कथा सांगितली, पाच जिनसा बोटांवर मोजून दाखवल्या. त्यांनी ती शांतपणे ऐकली, पेला एका दमात संपवला, मिशा पुसल्या आणि रिकामा पेला माझ्यापुढे सरकवला.

'पाच म्हणता न? मंग हा त पहिलाच झाला.'